बिबड्यांचे पैसे ह्यांच्या फोनवर येतात, ते माझ्या खात्यावर कसे वळवू?

बोरीकाठची

नमस्कार. रोज वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. पोरीच्या फोनवरून लिहितेय.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. चार एकर शेती, कपाशी आणि थोडी ज्वारी. माझं वय ४३, शिक्षण नववी पास. होळी झाली की आमच्या गल्लीत बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं काम निघतं. ज्वारी तीन दिवस भिजवायची, सावलीत सुकवायची, जाडसर दळून आणायची आणि पहाटे चारला चूल पेटवायची. लसूण, तीळ, मिरची घालून घाटा हाटताना दंड भरून येतात. ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर थापून मोकळं व्हावं लागतं. एकदा का घाटा निवला की तळहाताखाली सरकत नाही, बिबडी कडेला फाटते. अशी फाटलेली मी विकत नाही, घरी खातो.

पाच वर्षांपूर्वी सुरतच्या नणंदेनं दहा किलो मागवल्या. तिच्या शेजारणींनी बघितल्या, मग त्यांनी मागवल्या. उधना, लिंबायतकडे आपलीच खानदेशी माणसं आहेत, त्यांना हे तिकडे मिळत नाही. आता नाशिक-पुण्याहूनही फोन येतात. नागलीचे पापड, कुरडया, शेवया पण करते. जेठाणी आणि गल्लीतल्या दोघी मदतीला असतात, त्यांची मजुरी मी रोजच्या रोज देते. पार्सल ट्रॅव्हल्सनं जातं. पैसे ह्यांच्या फोनवर येतात, कारण स्कॅनरचा नंबर ह्यांचा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी सगळं लिहून ठेवते. ह्या हंगामात आजपर्यंत ८६,००० रुपये आले आणि सामान, दळण, मजुरी, पार्सल मिळून ३१,००० गेले.

हे वाईट माणूस नाहीत, हे आधी लिहिते. पिणं नाही, जुगार नाही. पैसा सगळा घरातच जातो, बियाण्याला, खताला, उसनवारीला. पण मागच्या महिन्यात पोरीच्या कॉम्प्युटरच्या क्लासची फी ४,२०० रुपये भरायची होती. तीनदा मागितली, तीनदा "बघू" झालं. चौथ्या दिवशी विहिरीची मोटर बांधून आली आणि तिचे पैसे रोख दिले गेले. मोटर लागतेच, मला कळतं. मी काही बोलले नाही. रात्री कॅलेंडर उलटून माझेच आकडे मोजत बसले.

माझं खातं नाही असं नाही. जनधनचं आहे, २०१५ सालचं. लाडक्या बहिणीचे पंधराशे त्याच्यावरच येतात. पण पासबुक ह्यांच्या कपाटात, शेताच्या कागदांसोबत. खात्याला नंबर पुतण्याचा. गावातल्या केंद्रावर जायचं, अंगठा ठेवायचा, आणि पैसे मोजून ह्यांच्या हातात. दोन वर्षांपूर्वी मी एकटी तालुक्याच्या शाखेत गेले होते. स्लिप भरली, सही केली, तर सही जुळत नाही म्हणाले. खिडकीतला माणूस सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलला, "घरातलं कोणी शिकलेलं माणूस पाठवा." मी शिकलेलीच आहे. पण तोंडातून शब्द फुटला नाही. एसटी स्टँडवर दीड तास बसून राहिले आणि घरी आले. त्यानंतर बँकेची पायरी चढले नाही.

आमच्या आजेसासूबाई नव्वदीच्या आहेत, अहिराणीच बोलतात. पंधराशे पहिल्यांदा जमा झाले तेव्हा त्यांनी विचारलं, "नाव तुनं शे, पन पैसा तुना शे का?" सगळे हसले. मला मात्र ते तेव्हापासून लागून राहिलंय.

अजून एक. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. माझा भाऊ म्हणाला, यंदा दोन दिवस आधी ये, एक सही राहिलीय. वडील मागच्या वर्षी गेले. सहा एकर जमीन आहे, आम्ही तीन बहिणी आणि एक भाऊ. सही कसली ते मला माहीत आहे. भाऊ-वहिनी जीव लावतात, झोका बांधून वाट बघतात. माहेर तुटायला नको. पण न वाचता सही करायला आता मन धजत नाही.

भांडण न करता सुरुवात कुठून करू? समजलेल्यांनी सांगा.


साक्रीची सखी

ताई, मी साक्री तालुक्यात बँक सखी आहे, अंगठ्याचं मशीन माझ्याकडेच असतं. तुमच्यासारख्या बाया रोज येतात, म्हणून आधी मशीनचंच सांगते. अंगठा ठेवल्यावर पावती निघते, तिच्यावर किती काढले आणि किती शिल्लक राहिले ते छापलेलं असतं. ती पावती मागून घ्यायची. "कागद संपला" म्हणाले तर पुढच्या वेळी काढेन म्हणायचं आणि अंगठा ठेवायचा नाही.

पहिलं काम नंबरचं. स्वतःच्या नावावर सिम घ्या, साधा फोन असला तरी चालेल. शाखेत आधार घेऊन जा आणि खात्याला तो नंबर लावा. पुतण्याच्या फोनवर तुमच्या पैशाचा मेसेज जातो, म्हणजे तुमच्या खात्याची बातमी तुम्ही सोडून घरातल्या सगळ्यांना कळते. त्याच फेरीत सहीचा नवा नमुना देण्याचा अर्ज करा. दहा वर्षांत सही बदलतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पासबुक सापडत नसेल तर नवं मागा.

नवीन बँकेत खातं उघडायचं ठरवलंत तर एक सांभाळा. सरकारी योजनेचे पैसे आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिथे जातात. नव्या ठिकाणी आधार योजनेसाठी जोडलंत की पंधराशे तिकडे वळतील, आणि जुन्या खात्यात आले नाहीत म्हणून तुम्ही चकरा मारत बसाल. जुनंच खातं धरून ठेवा, मी तर तेच म्हणेन. जनधनला शिल्लक ठेवायची सक्ती नाही.

मग युपीआय. पोरीला सोबत घेऊन तुमच्या नंबरवर सुरू करा, पण पिन एकट्या बसून टाका. पोरीलाही सांगू नका, तिच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, सवय म्हणून. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ऑर्डरचे पैसे पाठवतो, पिन टाका असं कोणी म्हणालं की तो चोर. आमच्याकडे एका लोणचंवाल्या ताईंचे नऊ हजार असेच गेले.

त्या खिडकीतल्या माणसाचं वाचून मला फार वाईट वाटलं. परत तसं झालं तर थेट व्यवस्थापकाकडे जा आणि लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर मराठीत बोलतात. एकट्या जायला भीती वाटत असेल तर मंगळवार-बुधवारी दुपारी जा. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी खिडकीतलं माणूसही वैतागलेलं असतं.


शहादेकर

पुरुष म्हणून दोन ओळी लिहितो, चालत असेल तर.

आमच्या मंडळींनी दुधाचा पगार स्वतःच्या खात्यावर घ्यायला सुरुवात केली तेव्हा मला टोचलं. घरात असून वेगळी चूल मांडली असं वाटलं. महिनाभर नीट बोललो नाही. त्यांनी काय केलं, वर्षाचा सगळा हिशेब वहीत मांडला आणि दिवाळीच्या आधी माझ्यापुढे ठेवला. ढेप, सरकी, डॉक्टर, दूध सगळं. मी कपाशीचा असा हिशेब कधी लिहिलाच नव्हता. पुढच्या हंगामात पीककर्जाला उशीर झाला तेव्हा बियाण्याचे वीस हजार त्यांनी दिले, उसने म्हणून, तारीख टाकून. कापूस विकल्यावर मी ते परत केले. सावकाराकडे गेलो असतो तर काय झालं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या मालकांना "माझे पैसे माझ्याकडे" असं एकदम ऐकवू नका. कॅलेंडर दाखवा. शेतकऱ्याला आकडा कळतो. आणि सातबाऱ्यावर नवरा स्वतः अर्ज देऊन बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो, लक्ष्मीमुक्ती म्हणतात त्याला. मी लावलंय. तो विषय मात्र नंतर काढा, आधी खात्याचं मिटू द्या.


टंकलेखिका, जळगाव

मी वकील नाही. पण जळगावात एका वकिलांच्या ऑफिसात अकरा वर्षं टायपिंग केलंय आणि हक्कसोडपत्रं इतकी टाइप केलीत की मजकूर झोपेत म्हणून दाखवेन. "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीवर असताना." ही ओळ मी टाइप करत असायचे आणि बहीण बाहेरच्या बाकावर पोराला पाजत बसलेली असायची. तिला कोणी वाचून दाखवलेलं नसायचं. आखाजी झाली की आठवड्याला चार-पाच कागद ठरलेले, कारण तेव्हा सगळ्या बहिणी एका जागी सापडतात.

मला जे पक्कं माहीत आहे तेवढं सांगते. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, जन्मापासून. लग्न झालं म्हणून तो जात नाही. वडील त्या तारखेला हयात नसले तरी हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. तुमचे वडील तर मागच्या वर्षी गेले, म्हणजे तो प्रश्नच नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तुमची आई आणि तुम्ही चौघं भावंडं असे पाच सारखे वाटे. आईचा वाटा सगळे विसरतात. तुम्ही विसरू नका.

"एक सही" ह्या दोन शब्दांत फार वेगवेगळे कागद मावतात. वारस नोंदीचा अर्ज असेल तर तो तुमच्या हिताचा आहे, त्यानं तुमचं नाव लागतं. हक्कसोडपत्र असेल तर त्यानं नाव निघतं, आणि ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं. एकदा नोंदवलं की "मला माहीत नव्हतं" म्हणून परत मिळत नाही, कोर्टात दावा लावावा लागतो. म्हणून आधी विचारा, कागद कोणता? फोटो काढून पाठव म्हणा. सातबारा तर महाभूमीच्या साइटवर घरबसल्या फुकट दिसतो, पोरीला सांगा. फेरफाराची नोटीस निघाली तर हरकत घ्यायला १५ दिवस असतात, ती नोटीस माहेरच्या पत्त्यावर येऊन माहेरीच राहते, म्हणून आधीच लक्ष ठेवा.

तुम्हाला हक्क सोडायचाच असेल तर तो तुमचा अधिकार आहे, भावावर माया असते. पण वाचून सोडा. आणि सगळं किंवा काहीच नाही असंही नसतं. एका बाईनं नाव राहू दिलं आणि कसायला भावालाच दिली, वर्षाला दोन पोती गहू येतो. कोणाचं माहेर तुटलं नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, बाईला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. आखाजीच्या आधी एक चक्कर माराच.


चोपड्याची मावशी

बेटा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. एसटी स्टँडवर दीड तास बसलीस ना, मी तिथे असते तर तुझ्यासोबत परत त्या खिडकीपर्यंत आले असते.

माझं वय ६७. आमचे हे २००९ साली गेले, अचानक, ड्युटीवरून येताना. तेव्हा मला घरातलं काय माहीत होतं? मसाल्याचा डबा, किराण्याची उधारी, पोरांच्या फिया. तेराव्यानंतर दिरानं कपाट उघडलं आणि एक एक कागद काढत गेला. मी भिंतीला टेकून बसलेली. त्यात एका पतसंस्थेच्या ठेवपावत्या निघाल्या, ३ लाख ४० हजारांच्या. आमच्याकडे रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा, चहा पिऊन जायचा, घरचाच झाला होता. व्याज बँकेपेक्षा चांगलं देतात म्हणून ह्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसेही तिथेच ठेवले. मी पावत्या घेऊन गेले तर शटर अर्धं खाली आणि बाहेर माझ्यासारख्या पन्नास बाया. सहा वर्षं चकरा मारल्या. हप्त्याहप्त्यानं थोडे मिळाले, बाकीचे अजून नाहीत. तो पिग्मीवालाही रडायचा, त्याच्या बहिणीचे पण होते त्यात.

हे का सांगते तर उद्या तुझ्या हातात पैसा आला की घरी गोड बोलणारी माणसं येतील. बँकेत, सहकारी बँकेत सुद्धा, प्रत्येक ठेवीदाराचे ५ लाखांपर्यंत विम्यानं सुरक्षित असतात. आधी १ लाखच होते, फेब्रुवारी २०२० पासून ५ झाले. पतसंस्थेला हा विमा नाही. नाव दोन्हीचं "सहकारी" असतं, पाटीही तशीच, म्हणून विचारायचं, ही बँक आहे का पतसंस्था? भिशीलाही विमा नाही. आणि तू अमळनेरची, तुला ती शेअरची गोष्ट कोणीतरी ऐकवणारच. १९४५ साली तुमच्या गावात तेलाचा कारखाना निघाला, पुढे त्याची विप्रो झाली, ज्यांनी शेअर जपले त्यांची घरं वर आली. गोष्ट खरी आहे. पण त्या लोकांनी कागद वर्षानुवर्षं पेटीत ठेवला होता, व्हॉट्सॲपवर कोणी सांगितलं म्हणून रात्रीतून पैसे टाकले नव्हते. ह्या गोष्टीच्या नावावर आमच्या चोपड्यात एका शिक्षिकेला दीड लाखाला फसवलंय.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. ते गेल्यावर आठव्या महिन्यात एक वसुलीची नोटीस आली, माझ्या नावानं. दिराच्या कर्जाला मी जामीनदार. कधी झाले? मला आठवेना. मग आठवलं, एका दुपारी मी कणीक मळत होते, हे कागद घेऊन आले, "इथं सही कर, इथं कर, इथं कर." हातावरचं पीठ झटकून केली. कागदावर त्या पिठाच्या बोटांचा पुसट डाग होता, तो मी त्या ऑफिसात बघितला. माझीच सही, माझ्याच पिठाचं बोट. मी कोणाला काय सांगणार होते की मी वाचलं नव्हतं? माझ्या दोन पाटल्या आणि पोत जळगावला नेऊन मोडली. ते सोनं माझ्या आईनं मला दिलेलं होतं.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. चूल पेटलेली असताना सही नाही. हात धुवायचे, चष्मा लावायचा, बसून वाचायचं, समजलं नाही तर कागद रात्रभर घरात ठेवायचा. घाई करणाऱ्याला म्हणायचं, सकाळी या. लोक चिडले. चिडू दिले. नंतर मी बचत गटात गेले, आम्ही बारा जणी, आठवड्याला पन्नास रुपये. सचिव व्हायला कोणी तयार नाही म्हणून मला केलं. पहिल्या बैठकीत हिशेब सात रुपयांनी चुकला, रात्री अकरापर्यंत बसून तो शोधला. एका बाईनं उसना दिलेला खाऊचा खर्च लिहायचा राहिला होता. ते सात रुपये सापडले तेव्हा मला जे वाटलं ते मी तुला सांगू शकत नाही. आज आमच्या गटानं तीनदा बँकेचं कर्ज घेतलंय आणि एकही हप्ता चुकलेला नाही. तुमच्या गावात उमेदचा गट असेलच, जा त्यात. गटाला पापड-बिबड्यांसारख्या धंद्याला यंत्रासाठी अनुदानाची केंद्राची योजनाही आहे, ३५ टक्के मिळतं. ते पुढचं.

आता तुझ्या कॅलेंडरबद्दल. ८६,००० मधून ३१,००० गेले, ५५,००० राहिले. त्यात तुझी मजुरी कुठे आहे? जेठाणीला देतेस, गल्लीतल्या दोघींना देतेस, स्वतःला? पहाटे चारपासून तू राबतेस. समज ६० दिवस झाले आणि तुमच्याकडे शेतात बाईला तीनशे रोज आहे, तर १८,००० ही तुझी मजुरी. उरलेले ३७,००० हा धंद्याचा नफा. हे दोन आकडे वेगळे लिही. घरात सांगताना म्हण, नफ्यातला वाटा शेतीला देते, मजुरी माझ्या खात्यावर राहील. मजुरी मागायला कोणालाच भांडण वाटत नाही, आपण मजुराला देतोच ना? नुसतं "माझे पैसे" म्हणालीस तर वाद होईल.

त्या मजुरीतून पोस्टात महिन्याला पाचशेचं आवर्ती खातं उघड, पाच वर्षांचं. शंभरापासून उघडतं, तुला झेपेल तेवढं टाक. बँकेतच वर्षाला २० रुपयांत अपघाताचा २ लाखांचा विमा आहे आणि ४३६ रुपयांत कशानंही मृत्यू झाला तर २ लाखांचा. दोन्ही दोघांचे काढा, नवऱ्याचे आधी. पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापले जातात, तेव्हा तेवढी शिल्लक ठेवायची. ४३६ वाला पन्नाशीच्या आतच सुरू करता येतो. माझ्या शेजारणीचा ११ रुपयांनी शिल्लक कमी पडल्यामुळे बंद झाला आणि सप्टेंबरात तिचा नवरा गेला.

आणि वारसदाराचं नाव, नॉमिनी. आपल्या बाया समजतात की नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, पण ते पैसे कायद्यानं सगळ्या वारसांचे असतात. तुझ्या नवऱ्याच्या खात्यावर नॉमिनी म्हणून अजून सासूबाईंचं नाव असेल, लग्नाआधीचं. बघून घे. त्याला त्यांनी नाही म्हणायचं कारण नाही, आणि ह्या निमित्तानं कपाट दोघांनी मिळून उघडलं जाईल. मला माझ्या घरातलं कपाट ते गेल्यावर बघायला मिळालं. तू आत्ता बघ, दोघं बसून, चहा पीत.


बोरीकाठची

सगळ्यांना नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहितेय. बिबड्या आवरल्या, आखाजी झाली.

मावशी, तुम्ही सांगितलं तसं मजुरीचा आकडा वेगळा लिहिला आणि ह्यांना दाखवला. हे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "साठ दिवस नाही, चौसष्ट." ह्यांनीच मोजले. मला काय बोलावं ते सुचेना.

कपाट उघडलं. नॉमिनी खरंच सासूबाई होत्या, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

शाखेत बुधवारी दुपारी गेले. सोबत पोरगी होती, तिला बाहेर बसवलं. तोच माणूस खिडकीत होता. मी म्हटलं, सहीचा नवा नमुना द्यायचाय आणि नंबर बदलायचाय. त्यानं दोन फॉर्म दिले. तो घाई करत होता, मी बाजूला होऊन बाकावर बसले आणि दोन्ही वरपासून खालपर्यंत वाचले. मागून एक म्हातारे बाबा आले, मला म्हणाले, माय, मला पण स्लिप भरून दे. दिली भरून. माझी सही तीन वेळा घेतली, तिन्ही सारख्या आल्या. नंबर दोन दिवसांनी लागला. कालच्या कुरडयांचे १,७५० रुपये माझ्या फोनवर आले, मेसेज मी पुसला नाही.

माहेरचं सांगायचं राहिलं. कागद हक्कसोडाचाच होता, टाइप करून तयार. तीच ओळ होती ताई, स्वखुशीने वगैरे. मी भावाला म्हटलं, दादा, मी आज सही करणार नाही, आधी वारस नोंद होऊ दे सगळ्यांची, मग बसून बोलू. तो काही बोलला नाही, उठून गोठ्याकडे गेला. वहिनी सांजोऱ्या तळत होती, तिचं तळणं थांबलं. मोठी बहीण मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होती. मला रडू येत होतं. आई वर्षभर कशातच बोलत नाही. ती झोक्यावर बसलेली, तिथून तिनं विचारलं, "मना बी हिस्सा शे का त्यामा?"

मी म्हटलं, हो माय, आमच्याइतकाच.

ती परत काही बोलली नाही. जेवताना भाऊ शेजारी बसला, रस वाढला, पण नेहमीसारखा आग्रह केला नाही. निघताना स्टँडवर सोडायला आला. त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही. पुढच्या गुरुवारी अमळनेरला विधी सेवा समितीत जातेय, मधली बहीण येते म्हणालीय. मोठी नाही म्हणाली.

सखीताई, एक विचारायचं होतं. नणंद म्हणते स्कॅनरचं चित्र छापून प्रत्येक पाकिटावर चिकटवलं तर सुरतला पैसे लगेच सुटतील. त्यावर माझं नाव येतं तसंच छापायचं, का बिबड्यांच्या धंद्याचं वेगळं नाव टाकता येतं? आणि धंद्याच्या नावाचं खातं त्यासाठी लागतं का?